परसातले शिंजीर

वर्षातून एकदोनदा तरी अशी वार्ता कानी येतेच, की अमुक गावी अमुक गृहस्थांच्या बागेत 'हमिंगबर्ड' आढळला. वार्तेसोबत एक धूसर छायाचित्र असते. जास्वंदीच्या फुलाला लटकलेला अंगठ्याएवढा काळसर पक्षी, बाकदार चोच, मागे हिरवे-पिवळे काहीतरी. पूर्वी अशी छायाचित्रे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येत. आता ती भ्रमणध्वनीवर येतात आणि एकाच दिवशी चार निरनिराळ्या गावांच्या नावांनी येतात.

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका वाचक भगिनींनी याच विषयावर सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे चिरंजीव कॅलिफोर्नियात असतात. तेथे परसात साखरपाण्याची कुपी टांगली की हमिंगबर्ड येतात आणि चिरंजीव त्यांची छायाचित्रे आईला पाठवतात. ती पाहून बाईंना आपल्या परसातले पक्षी आठवले. त्यांनीही कॅमेरा हाती घेतला आणि तीन छायाचित्रे मजकडे धाडली. दोन चैत्रातली, एक कार्तिकातले. पहिल्यात पक्षी काळाकुट्ट आहे, दुसऱ्यात निळा-जांभळा झळकतो आहे आणि तिसऱ्यात पोट पिवळे असून गळ्यावरून खाली एक काळी रेघ उतरली आहे. "हे तीन निरनिराळे हमिंगबर्ड आहेत ना? यांची मराठी नावे काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

या तिन्हींत हमिंगबर्ड एकही नाही आणि पक्षी तीन प्रकारचेही नाहीत. तिन्ही छायाचित्रे जांभळ्या शिंजिराच्या नराची आहेत. कदाचित एकाच नराची असतील. बाईंचा हिरमोड होऊ नये म्हणून लगेच सांगतो, की त्यांना जे दिसले ते तीन जाती दिसण्यापेक्षा अधिक नवलाचे आहे.

आधी हमिंगबर्डविषयी. हे कूळ अमेरिका खंडांचे. उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस थेट टिएरा डेल फ्यूगोपर्यंत त्याच्या साडेतीनशेंहून अधिक जाती पसरल्या आहेत. त्यांतल्या सव्वाशेहून अधिक एकट्या इक्वेडोर देशात आहेत. त्या खंडांबाहेर आज एकही हमिंगबर्ड स्वतंत्रपणे वावरत नाही. 'आज' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. जर्मनीत सापडलेल्या तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत हमिंगबर्डसारखी चोच आणि तसेच पंख असलेला पक्षी ओळखला गेला व २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणे एके काळी जुन्या जगातही ते होते. पुढे येथून ते नाहीसे झाले आणि फुलातला मध इतरांसाठी मोकळा राहिला. आपल्याकडे तो शिंजिरांनी घेतला. दोघांचे रूप मिळतेजुळते दिसते ते धंदा एक म्हणून, नाते आहे म्हणून नव्हे. हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीला भिरभिरणाऱ्या पाकोळ्या, तर शिंजिरांचे आप्त फुलटोचे. सुतार आणि सोनार दोघेही हातोडी वापरतात, तेवढ्याने ते भाऊबंद ठरत नाहीत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांना एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. परसात हमिंगबर्डच्या किती जाती येतील, हे घर कोठे आहे यावर ठरते. न्यू जर्सीसारख्या पूर्वेकडील भागात वीण करणारी जात एकच, माणिककंठी. तिचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्या भांडवलावर ती स्थलांतरात मेक्सिकोचे आखात ओलांडते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अ‍ॅनाचा हमिंगबर्ड बारमाही दिसतो. बाईंच्या चिरंजीवांकडील बहुतेक छायाचित्रे त्याचीच आहेत. आणि अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागात, डझनाहून अधिक जातींची नोंद आहे. तेथे परसात कुपी टांगून बसणाऱ्याचे भाग्य काही निराळेच.

या पक्ष्याने छायाचित्रकारांना फार दिवस रडवले. फुलासमोर तो अधांतरी स्थिर राहतो, मागे मागेही उडतो. पण पंख इतक्या वेगाने हलतात की डोळ्याला केवळ धुके दिसते. माणिककंठीचे पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. सर्वसाधारण कॅमेऱ्याची झडप एवढी चपळ नसते. मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता लखलखणारा विजेचा दिवा छायाचित्रणास जोडला, तेव्हा कोठे ते पंख कागदावर थांबले. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट या गृहस्थांनी हाच नाद धरला. हे ड्यू पाँ या प्रचंड रसायन कंपनीचे अध्यक्ष. कारखान्यांचा व्याप सांभाळून त्यांनी दक्षिण अमेरिकेपर्यंत उपकरणे वाहून नेली आणि १९६० साली हमिंगबर्डवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. पिसांच्या झळाळीचे शास्त्रही त्यांनी अभ्यासले. उद्योगपतींनी फावल्या वेळात काय करावे याचा हा नमुना मला नेहमीच आवडत आला आहे.

ती झळाळी शिंजिराच्या अंगावरही आहे आणि बाईंच्या पहिल्या दोन छायाचित्रांचे रहस्य तिच्यातच आहे. शिंजिराच्या नरावर निळा रंग नाहीच. त्याच्या पिसांत काळ्या द्रव्याचे सूक्ष्म कण थरांनी रचलेले असतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग उमटतात तसा या थरांवर प्रकाश पडून निळा, जांभळा, हिरवा असा भास निर्माण होतो. प्रकाशाचा कोन बदलला की रंग बदलतो आणि कोन अगदीच चुकला की काळे उरते. माणिककंठीचा लालभडक गळाही बाजूने पाहिला तर काळाच दिसतो. पिवळ्या रंगाचे तसे नाही. तो पिसातल्या खऱ्या द्रव्याचा असतो, म्हणून उन्हात, सावलीत, पाठीमागून, पुढून पिवळाच राहतो. तेव्हा छायाचित्रावरून शिंजीर ओळखताना पिवळ्यावर विश्वास ठेवावा, निळ्यावर ठेवू नये. सूर्य आपल्या पाठीशी असावा, वेळ सकाळी आठ-नऊच्या आतली असावी. मागे उघडे आकाश असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्ष्याची नुसती काळी आकृती उमटते. तेथे प्रकाश थोडा वाढवून घ्यावा.

तिसऱ्या छायाचित्राची गोष्ट निराळी. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला राजवेष उतरवतो. तो मादीसारखा वर मळकट हिरवा, खाली पिवळा होतो. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी ठेवतो. पुढील हंगामापूर्वी काळी पिसे पुन्हा ठिपक्याठिपक्यांनी उगवू लागतात. त्या दिवसांत हा पक्षी गोधडी पांघरल्यासारखा दिसतो. बाईंनी एकाच डहाळीवर कार्तिकापासून चैत्रापर्यंत दर पंधरवड्यास एक छायाचित्र घेतले, तर हा सारा वेषपालट त्यांच्या संग्रही येईल.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांच्या परसात मुख्यतः हाच एक शिंजीर. हैदराबादकरांना त्याच्या जोडीला जांभळ्या पाठीचा शिंजीर सहज दिसावा. त्याच्या नराचे पोट पिवळे, छातीवर तांबूस-तपकिरी पट्टा, डोक्यावर हिरवी चमक. हा गृहस्थ वेषपालट करीत नाही, बारा महिने त्याच थाटात वावरतो. आम्ही बेळगावकर यात काहीसे सुदैवी. सह्याद्री उशाशी असल्याने वरील दोघांखेरीज लोटेनचा शिंजीरही आमच्या झाडांवर येतो. तो जांभळ्याचाच थोरला भाऊ वाटतो, पण चोच लांब आणि विळ्यासारखी वाकलेली, पोट तपकिरी. तालुका ओलांडून पश्चिमेस खानापूरच्या रानात, जांबोटी-कणकुंबीकडे गेले, की आणखी दोन भेटतात. एक किरमिजी पाठीचा इवलासा, दुसरा लाल छातीचा व्हिगर्सचा शिंजीर. हे दोन्ही केवळ पश्चिम घाटाचे रहिवासी. जगात अन्यत्र कोठेही नाहीत. अ‍ॅरिझोनाच्या डझनापुढे आमचे पाच थोडे वाटतील, पण त्यातले दोन पाहायला अ‍ॅरिझोनाकरांनाही येथेच यावे लागेल.

येथे एक गोष्ट मनाला खटकते ती बोलून टाकतो. लोटेन हे अठराव्या शतकात श्रीलंकेत डचांचे गव्हर्नर होते, व्हिगर्स हे आयरिश प्राणिशास्त्रज्ञ. आमच्या रानातल्या पाखरांनी त्यांची नावे का वागवावीत? मारुती चितमपल्ली यांनी पाखरांची लोकभाषेतील नावे रानोमाळ हिंडून गोळा केली, म्हणून शिंजीर, फुलटोचा, पाकोळी हे शब्द ग्रंथांत टिकले. हिंदीत शिंजिराला शकरखोरा म्हणतात, कानडीत सूरक्की. सीमेवर राहणाऱ्या माणसाला ही तिन्ही नावे एकाच सकाळी ऐकू येतात आणि तिन्ही गोड वाटतात.

बाईंच्या चिरंजीवांनी आईसाठी तशीच साखरपाण्याची कुपी धाडण्याचे ठरवले आहे. अमेरिकेत तिचे प्रमाण ठरलेले आहे. एक भाग साखर, चार भाग पाणी, रंग नाही, मध नाही, आणि कुपी वरचेवर धुतलेली. आपल्या उष्ण हवेत ते पाणी फार लवकर आंबते. माझे मत विचाराल तर कुपी टांगू नये, झाड लावावे. जास्वंद, शेवगा, पांगारा ही आपली ओळखीची झाडे आहेतच. जागा थोडी असेल तर कुंपणाला हॅमेलिया लावावा. त्याची नारिंगी नळकांडी फुले वर्षाचा बराच काळ असतात. गंमत अशी, की हे झाड मूळचे अमेरिकेतले आणि त्या नळ्या हमिंगबर्डच्या चोचीच्या मापाने घडलेल्या. येथे त्या शिंजिरांच्या उपयोगी पडल्या. फूल फार लांब असले तर शिंजीर बुडाशी भोक पाडून मध चोरतो. तेही पाहण्यासारखे असते. आणखी एक, पिलांना मध पुरत नाही. त्यांना कीटक आणि कोळी भरवावे लागतात. ज्या बागेत रोज औषध फवारले जाते तेथे कुपी टांगून काय उपयोग?

आता घरट्याविषयी. ज्या प्रश्नासाठी मी हे सदर यावेळी एवढे लांबवले तो प्रश्न हाच.

शिंजिराचे घरटे म्हणजे डहाळीला टांगलेली थैली. मादी एकटी ती विणते. कोळिष्टकांनी गवत, सालीचे तुकडे, वाळक्या पानांचा चुरा एकत्र बांधते. बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी. बाहेरून पाहावे तर कचऱ्याचे लोंबते बोचके वाटावे, आणि त्यातच तिची सुरक्षितता. अंडी बहुधा दोन. ती उबायला सुमारे पंधरवडा लागतो आणि पिले उडायला साधारण तेवढेच दिवस आणखी.

पक्षिछायाचित्रणाचा इतिहास घरट्यापासूनच सुरू झाला. इंग्लंडातील रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पाखरांना संशय येऊ नये म्हणून ते पोकळ बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन बसत. आपल्या देशात लोथर यांनी लपणात बसून वर्षानुवर्षे पक्षी टिपले. त्यांचे पुस्तक १९४९ चे. त्या काळी कॅमेरे जड, काचा मंद. पक्षी एका जागी हमखास येईल अशी जागा घरटेच. त्यांना दोष देता येत नाही. आज तसे कोणतेही कारण उरलेले नाही. लांब पल्ल्याची भिंगे आहेत आणि छायाचित्राला पैसा लागत नाही. म्हणूनच अनेक निसर्गछायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरची छायाचित्रे वर्ज्य ठरवली आहेत. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याहून कडक आहे. पक्ष्याची अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हेदेखील त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत येते. ही गोष्ट किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

दोन वर्षांपूर्वी माघात आमच्या शाळेच्या पडवीत विजेच्या तारेच्या आकड्याला जांभळ्या पाठीच्या शिंजिराने घरटे बांधले. प्रथम ते पाहिले माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या मावशींनी. त्या कानडी भाषक. "गुरुजी, सूरक्की आली," एवढेच म्हणाल्या. चौथीच्या वर्गाचे दार तेथून चार हातांवर. मुलांनी आपण होऊन त्या दाराने येणे-जाणे सोडले आणि मागच्या दाराने फिरू लागली. मी तशी सूचना दिली नव्हती.

ही वार्ता गावातून शहरात पोहोचायला आठवडा लागला. एका हौशी छायाचित्रकार मंडळाने शाळेत येण्याची परवानगी मागितली. पत्र नम्र होते. आठजण येणार होते, छायाचित्रांसोबत शाळेचे नाव छापून येणार होते. येथे खरी अडचण सुरू झाली. आमची शाळा मराठी माध्यमाची, सरकारी. पटसंख्या दरवर्षी दोनचारने उतरते आहे. पालक मुलांना इंग्रजी शाळांच्या गाड्यांत बसवून देतात आणि पट एका मर्यादेखाली गेला की काय होते ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. शाळा सुधारणा समितीचे एक सदस्य, भला माणूस, दोन मुले याच शाळेत घातलेला, मला म्हणाले, "गुरुजी, पाखरामुळे का होईना, शाळेचे नाव चार लोकांत होईल. पुढच्या वर्षी दोन नावे वाढली तर वाईट आहे का?" त्यांच्या बोलण्यात स्वार्थाचा लवलेश नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो.

तरीही मी नकार कळवला. कारण आदल्याच वर्षी माझ्या एका स्नेह्यांच्या बागेत काय झाले ते मी पाहिले होते. कोणा अनोळखी हौशी मंडळींनी डाळिंबावरचे घरटे नीट दिसावे म्हणून समोरच्या दोन डहाळ्या सुतळीने मागे बांधल्या, छायाचित्रे घेतली आणि सुतळी न सोडताच निघून गेले. झाकण गेलेले ते घरटे दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाजाने फाडले. त्यांचे छायाचित्र उत्तम आले होते. पुढे ते मीही पाहिले. माणसे दुष्ट नव्हती. त्यांना फक्त स्वच्छ चित्र हवे होते.

समितीचे ते सदस्य माझ्यावर महिनाभर नाराज होते. पुढच्या जूनमध्ये पट तीनने कमी झाला. त्याचा आणि माझ्या नकाराचा संबंध जोडणारे गावात आहेत. त्यांना मी उत्तर दिलेले नाही, कारण संबंध नाहीच असे शपथेवर मला सांगता येत नाही. मुलांनी मात्र एक वही केली. कोणी कितव्या तासाला नर आला, चोचीत काय होते, मादी किती वेळ आत बसली, असे बोबड्या अक्षरात बावीस दिवस लिहिले. भाषेच्या तासाला निबंध लिहा म्हटले की ज्यांच्या लेखण्या मोडतात, त्यांच्या या वहीत 'लगबग', 'टुणकन', 'चिमटीत' असे शब्द आपोआप आले. चौथीच्या खिडकीतून, आठ-नऊ हातांवरून, एका मुलीने तिच्या काकाच्या भ्रमणध्वनीवर एकच छायाचित्र घेतले. त्यात घरटे अर्धे दिसते, नर पुसट दिसतो आणि खिडकीचे गज स्पष्ट दिसतात. तेविसाव्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. पिले उडाली असावीत. खाली पिसे अथवा रक्त नव्हते. वहीत त्या दिवशी फक्त तारीख आहे.

यानंतर मुलांनी पडवीतल्या कोपऱ्यांतली कोळिष्टके झाडायला ठाम नकार दिला, पुढच्या घरट्याला ती लागतील म्हणून. मी दोन कोपरे त्यांना तोडून दिले. वार्षिक तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ती जाळी पाहिली, कारण विचारले, ऐकून हसले आणि वहीही चाळली. शेऱ्यांच्या नोंदवहीत मात्र त्यांनी लिहिले, "अध्यापन समाधानकारक. पडवीच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावे."